लंबवर्तुळाचा खोटा तक्ता : मंगळ, केप्लर आणि एका लाखातले ४२९

१/
शाळेच्या भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. मध्ये पिवळाधमक सूर्य, भोवती काकडीसारख्या लांबट कक्षा आणि खाली एक विधान : ग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात, हे केप्लरने शोधून काढले. विधान खरे आहे, चित्र खोटे आहे. या खोट्या चित्रामुळे विज्ञानाच्या इतिहासातील एका असामान्य शोधाची कथा पिढ्यान्‌पिढ्या उलटी सांगितली जात आहे. हा धागा त्या तक्त्याविरुद्धचे आरोपपत्र आहे.

२/
आरोप दोन आहेत. कक्षा इतक्या चपट्या असत्या, तर दोन हजार वर्षे ग्रीक, भारतीय, अरब आणि युरोपीय ज्योतिर्विदांना त्या वर्तुळाकार कशा वाटल्या? तक्ता पाहणारे मूल याचे एकच उत्तर काढते : ती माणसे मूढ होती, धर्माने किंवा ॲरिस्टॉटलने त्यांचे डोळे बांधले होते. हा पहिला अन्याय. दुसरा अन्याय खुद्द केप्लरवर. इतका उघड आकार ओळखायला प्रतिभा कशाला हवी? जरा नीट पाहणारा कोणीही ते करू शकला असता!

३/
आरोप सिद्ध करण्यासाठी भूमितीतील दोन रेषा पुरेशा आहेत. लंबवर्तुळाचा सर्वांत मोठा व्यास म्हणजे दीर्घ अक्ष आणि त्याला मध्यावर काटकोनात छेदणारा सर्वांत लहान व्यास म्हणजे लघु अक्ष. मध्यापासून मोजलेले त्यांचे अर्धे भाग म्हणजे अर्धदीर्घ अक्ष आणि अर्धलघु अक्ष. दीर्घ अक्षावर, मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, दोन नाभी असतात. ग्रहाच्या कक्षेत यांतील एका नाभीवर सूर्य असतो, दुसरी नाभी रिकामी असते.

४/
सूर्य मध्यापासून किती सरकला आहे, हे अर्धदीर्घ अक्षाच्या प्रमाणात सांगणारी संख्या म्हणजे उत्केंद्रता. लघु अक्षाच्या टोकापासून नाभीपर्यंतचे अंतर नेमके अर्धदीर्घ अक्षाएवढे असते. म्हणजे मध्य, नाभी आणि ते टोक यांचा काटकोन त्रिकोण तयार होतो आणि त्याचा कर्ण अर्धदीर्घ अक्षाएवढा असतो. पायथागोरसचा सिद्धांत लावला की अर्धलघु अक्ष हाती येतो. आठवी-नववीच्या गणिताने समजावा असाच हा हिशोब आहे.

५/
आता खरे आकडे घ्यावेत. मंगळाची उत्केंद्रता सुमारे ०.०९३४. मंगळाची कक्षा कागदावर १० सेंटिमीटरचा अर्धदीर्घ अक्ष घेऊन काढली, तर सूर्य मध्यापासून ९.३ मिलिमीटर दूर पडेल. ते अंतर कोणालाही दिसेल. अर्धलघु अक्ष मात्र ९९.५६ मिलिमीटर भरेल. म्हणजे दोन अर्ध-अक्षांतील फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! तो पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच विरून जातो. ज्या ग्रहाने केप्लरला लंबवर्तुळ दिले, त्याची कक्षा डोळ्यांना निखळ वर्तुळच दिसते.

६/
पृथ्वीची कथा याहून टोकाची आहे. उत्केंद्रता ०.०१६७. अर्धदीर्घ अक्ष सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. सूर्य मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटर बाजूला. पण अर्धदीर्घ आणि अर्धलघु अक्षांतील फरक केवळ २१ हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या दोन व्यासांएवढाही नाही. १० सेंटिमीटरच्या आकृतीत हा फरक ०.०१४ मिलिमीटर होतो. माणसाचा केसही त्याहून जाड असतो.

७/
असे का होते? सूर्याचे सरकणे उत्केंद्रतेच्या प्रमाणात वाढते. कक्षेचे चपटेपण मात्र, उत्केंद्रता लहान असताना, तिच्या वर्गाच्या निम्म्याएवढे असते. मंगळासाठी सरकणे ९.३ टक्के. त्याचा वर्ग सुमारे ०.८७ टक्के, त्याचे निम्मे ०.४३ टक्के. लहान संख्येचा वर्ग अतिलहान होतो, एवढेच यातले रहस्य. ग्रहाची कक्षा म्हणजे जवळजवळ परिपूर्ण पण मध्य हुकलेले वर्तुळ. तक्ता मात्र नेमके उलटे करतो. चपटेपण शंभरपटीने फुगवतो आणि सूर्याला पुष्कळदा मध्यावरच ठेवतो.

८/
ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी प्रयोग करावा. पुठ्ठ्यावर १८.७ मिलिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचाव्यात. सुमारे २१९ मिलिमीटर घेराची दोऱ्याची बंद कडी त्यांच्याभोवती टाकून, पेन्सिलीने ती ताणून धरत रेघ फिरवावी. कागदावर उमटेल ती मंगळाची कक्षा, अचूक प्रमाणात. मग ती मित्राला दाखवून आकाराचे नाव विचारावे. तो 'वर्तुळ' म्हणेल, आणि त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. टॉलेमीनेही तेच म्हटले होते.

९/
गैरसमजात मराठी शब्दाचाही थोडा वाटा आहे. 'लंबवर्तुळ' म्हणताच लांबट आकृती मनात उभी राहते. मूळ ग्रीक शब्द 'एलिप्सिस'. त्याचा अर्थ उणे पडणे. पर्गा येथील अपोलोनियसने इसवी सनपूर्व २०० च्या सुमारास 'शंकुच्छेद' या विषयावरील आठ खंडांच्या ग्रंथात हे नाव रूढ केले. वक्रावरील बिंदूशी निगडित एक चौरस एका ठराविक आयताशी ताडून पाहिला असता तो उणा पडतो, म्हणून हे नाव. लांबीचा त्यात उल्लेखही नाही.

१०/
यातून आणखी एक भ्रम गळून पडतो. प्राचीनांना लंबवर्तुळ ठाऊकच नव्हते, असे सर्रास सांगितले जाते. त्यांना ते उत्तम ठाऊक होते. अपोलोनियसच्या आधी आर्किमिडीजने लंबवर्तुळाच्या क्षेत्रफळाचे गुणोत्तर सिद्ध केले होते : दीर्घ अक्षावर काढलेल्या वर्तुळाच्या तुलनेत लंबवर्तुळाचे क्षेत्रफळ नेमके लघु आणि दीर्घ अक्षांच्या प्रमाणात कमी असते. म्हणजे केप्लरला लागलेले हत्यार अठराशे वर्षे तयार होते. ते आकाशाला लावण्याचे कारण मात्र कोणालाही दिसले नव्हते, कारण आकाशाने ते दाखवले नव्हते.

११/
इसवी सन १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने काय केले ते पाहावे. त्याची व्यवस्था भूकेंद्री होती, पण ग्रहाच्या मुख्य वर्तुळाचा मध्य त्याने पृथ्वीवर ठेवलाच नाही, बाजूला सरकवला. मंगळासाठी त्याने ६० भागांच्या त्रिज्येत ६ भाग सरकवले, म्हणजे १० टक्के. मध्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर त्याने एक समबिंदू कल्पिला. गती त्या बिंदूवरून एकसारखी दिसावी, अशी योजना केली. मंगळाची आजची उत्केंद्रता ९.३ टक्के, टॉलेमीची १०. दुर्बीण नसलेल्या माणसाला मूढ ठरवण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

१२/
भारतातही तेच दिसते. इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त सूर्याच्या मंदवृत्ताचा परीघ, कक्षेचे ३६० भाग मानून, साडेतेरा भाग धरलेला आहे. म्हणजे ३.७५ टक्के. एकाच वर्तुळावर गती एकसारखी मानली, तर सूर्याचे मंद-शीघ्र होणे दाखवण्यासाठी मध्य उत्केंद्रतेच्या दुप्पट सरकवावा लागतो. आजच्या मापाने ती दुप्पट सुमारे ३.३ टक्के. डोळा, शंकूची सावली आणि धीर एवढ्या साधनांवर हे काम झाले.

१३/
इथे दोन टोकाच्या छावण्यांना एकदमच उत्तर देणे भाग आहे. एक छावणी म्हणते, जुने सगळे थोतांड. दुसरी म्हणते, लंबवर्तुळ आपल्या ग्रंथांत आधीपासूनच होते. दोघांनाही ग्रंथ वाचायचे नाहीत. आर्यभटाची मांडणी वर्तुळांची आहे आणि त्यात कमीपणा काहीही नाही. मध्य हुकल्याचा परिणाम मोठा असतो. तो त्याने पकडला. चपटेपणाचा परिणाम अतिसूक्ष्म असतो. तो त्या काळच्या कोणत्याही वेधात पकडता येत नव्हता. जे मोजताच येत नव्हते ते पूर्वजांच्या नावावर चढवणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांनी खरोखर केलेल्या कामाकडे पाठ फिरवण्याचाच तो एक प्रकार आहे.

१४/
मग बदलले काय? वेध बदलले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कच्या ह्वेन बेटावर टायको ब्राहेने प्रचंड उपकरणे उभारली आणि दुर्बिणीविना ग्रहांच्या जागा एक-दोन कलांपर्यंत अचूक नोंदवल्या. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे ३० कला दिसतो. टॉलेमीच्या काळी १० कलांची चूक क्षम्य मानली जाई. टायकोच्या वह्यांनी ती सवलत काढून घेतली.

१५/
फेब्रुवारी १६०० मध्ये योहान्नेस केप्लर प्रागजवळच्या बेनाटकी येथे टायकोकडे आला. त्याच्या वाट्याला मंगळ आला. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको वारला, वह्या केप्लरच्या हाती राहिल्या. त्याने सुरुवात वर्तुळापासूनच केली. मंगळाच्या चार प्रतियुतींवरून वर्तुळाचा मध्य आणि समबिंदू ठरवण्याची आकडेमोड त्याने, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, किमान ७० वेळा केली. फळही मिळाले. त्या वर्तुळाने प्रतियुतींच्या वेळच्या मंगळाच्या दिशा सुमारे दोन कलांच्या आत जुळवल्या. दुसरा कोणीही तिथे थांबून आनंदोत्सव साजरा करता.

१६/
केप्लर थांबला नाही. त्याने दिशांबरोबर अंतरेही तपासली आणि ती जुळेनात. अंतरांसाठी मध्य सूर्य व समबिंदू यांच्या बरोबर मधोमध हवा होता. तसा तो ठेवला, तर दिशा आठ कलांनी चुकत. आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या पाव भागाहून थोडे अधिक. टायकोसारखा वेधकर्ता आठ कला चुकू शकत नाही, असे केप्लरने ठरवले आणि स्वतःचे अनेक वर्षांचे बांधकाम पाडले. खगोलशास्त्राच्या साऱ्या पुनर्रचनेची वाट या आठ कलांनीच दाखवली, अशी कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिली.

१७/
अंतरे मोजली कशी, हेही सांगायला हवे, कारण तक्ता तेही लपवतो. मंगळ ६८७ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन वेधांत मंगळ अवकाशात एकाच जागी असतो, पृथ्वी मात्र दोन वेगळ्या जागी असते. एका बिंदूकडे दोन ठिकाणांहून पाहिले की त्रिकोण तयार होतो. या युक्तीने केप्लरने आधी पृथ्वीची कक्षा नीट बसवली आणि मग मंगळाचे एकेक स्थान मोजले. कक्षा त्याला आयती दिसली नाही. एकेक बिंदू गणिताने उभा करावा लागला.

१८/
ते बिंदू वर्तुळाच्या आत पडू लागले. दोन टोकांना वर्तुळाशी भिडणारा आणि बाजूंना किंचित आत येणारा मार्ग दिसू लागला. केप्लरने प्रथम अंडाकृती धरली, एका टोकाला बोथट आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. तिच्या गणिताने त्याला बेजार केले. १६०३ मध्ये डाव्हिड फाब्रिट्सियस या मित्राला लिहिताना त्याने कळवले की, हा आकार शुद्ध लंबवर्तुळ असता, तर आर्किमिडीज आणि अपोलोनियस यांचे गणितच पुरले असते. उत्तर स्वतःच्या हाताने लिहून तो पुढे गेला आणि आणखी दीड-दोन वर्षे अंड्याशीच झगडत राहिला.

१९/
आता या कथेचा कळसाध्याय. वर्तुळाची त्रिज्या एक लाख भाग धरली, तर वर्तुळ आणि अंडाकृती यांच्यामध्ये ८५८ भाग रुंदीची चंद्रकोर उरत होती. वेधांना मात्र तिच्या निम्मी कोर हवी होती : ४२९. त्याच सुमारास केप्लरची दृष्टी दुसऱ्या एका आकड्यावर पडली. मंगळापासून सूर्याकडे आणि कक्षेच्या मध्याकडे काढलेल्या रेषांतील कमाल कोन ५ अंश १८ कला होता. त्या कोनाचा सेकंट, म्हणजे कोसाइनचा व्यस्त, होता १.००४२९. तोच ४२९! झोपेतून जागे होऊन नवा प्रकाश पाहावा तसे वाटले, असे त्याने या क्षणाचे वर्णन केले आहे.

२०/
हा १.००४२९ म्हणजे नेमके काय? अर्धदीर्घ अक्षाला अर्धलघु अक्षाने भागल्यावर येणारी संख्या. चौथ्या टप्प्यातील काटकोन त्रिकोण आठवावा. त्याचा कर्ण अर्धदीर्घ अक्ष, एक बाजू अर्धलघु अक्ष आणि त्या दोहोंमधील कोन हाच ५ अंश १८ कला. एका लाखात ४२९ भागांचा जो उणेपणा तक्त्याच्या चित्रकाराला काढताही येत नाही, त्यावरच आधुनिक खगोलशास्त्राचा दरवाजा उघडला. तो फुगवून दाखवणे म्हणजे किल्ली दाखवायची म्हणून पहार रंगवणे.

२१/
तरीही लंबवर्तुळ लगेच हाती आले नाही. त्या आकड्यावरून अंतरे बरोबर मिळाली, पण ती कागदावर मांडताना केप्लर चुकला आणि गालफुगी आकृती तयार झाली. ती टाकून त्याने, वेगळा मार्ग म्हणून, लंबवर्तुळ घेतले आणि मग ध्यानात आले की दोन्ही एकच होते. हे १६०५ मधले. 'ॲस्ट्रोनोमिया नोव्हा' प्रसिद्ध झाला १६०९ मध्ये. सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते, हा नियमही त्यातच आहे. ते क्षेत्रफळ मोजताना आर्किमिडीजचे जुने गुणोत्तरच कामी आले.

२२/
आकाशानेही लवकरच साक्ष दिली. बुधाची उत्केंद्रता ०.२०५६, मोठ्या ग्रहांत सर्वाधिक, तरी त्याचा अर्धलघु अक्ष केवळ २.१ टक्क्यांनी उणा. केप्लरच्या १६२७ च्या कोष्टकांवरून ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाणार, असे निघत होते. केप्लर त्याआधी एक वर्ष वारला होता. पॅरिसमध्ये प्येर गासेंदीने त्याच दिवशी तो काळा ठिपका सूर्यावर सरकताना पाहिला. जुन्या कोष्टकांच्या मानाने केप्लरचे भाकीत कितीतरी जवळचे ठरले.

२३/
दोन अर्ध-अक्षांचे खरे स्वभाव तर तक्ता सांगतच नाही. १६१८ मध्ये केप्लरला तिसरा नियम सापडला आणि १६१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला : प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अर्धदीर्घ अक्षाच्या घनाच्या प्रमाणात असतो. अर्धलघु अक्ष या नियमात कुठेही नाही. कक्षा गोल असो वा चपटी, अर्धदीर्घ अक्ष सारखा असेल, तर फेरीला लागणारा काळ सारखाच. कक्षेचे घड्याळ एका अक्षाच्या हाती आहे, तिची रुंदी दुसऱ्याच्या.

२४/
पुस्तकांत अर्धदीर्घ अक्षाला सरळ 'सरासरी अंतर' म्हटलेले असते. हेही अर्धसत्य. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या अंतरांची बेरीज करून निम्मे केले की अर्धदीर्घ अक्ष मिळतो. त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतले की अर्धलघु. पण ग्रह दूर असताना सावकाश चालतो, तिथे जास्त काळ राहतो. म्हणून काळाच्या हिशोबाने काढलेली सरासरी अर्धदीर्घ अक्षापेक्षा मोठी असते. पृथ्वीच्या बाबतीत हा भेद नगण्य आहे. सर्वत्र तो तसा नाही.

२५/
खरीच लांबट कक्षा पाहायची असेल, तर हॅलेचा धूमकेतू घ्यावा. उत्केंद्रता ०.९६७. सूर्य-पृथ्वी अंतर एक एकक धरले, तर अर्धदीर्घ अक्ष १७.८ आणि अर्धलघु अक्ष केवळ ४.५ एकक. काळाच्या हिशोबाने सरासरी अंतर २६ एककांच्या घरात! एडमंड हॅलेने १७०५ मध्ये तो १७५८ च्या सुमारास परतेल असे सांगितले आणि २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री तो पुन्हा दिसला. तक्त्यावरची काकडी धूमकेतूला शोभते. ती पृथ्वीच्या गळ्यात बांधण्याचे कारण नाही.

२६/
भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरणही आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवती स्थिरावले, तेव्हा ते पृष्ठभागापासून जवळात जवळ ४२१.७ आणि दूरात दूर ७६,९९३.६ किलोमीटरवर जात होते. मंगळाची त्रिज्या मिळवून हिशोब केला, तर अर्धदीर्घ अक्ष सुमारे ४२,१०० आणि अर्धलघु अक्ष सुमारे १७,५०० किलोमीटर येतो. केप्लरचा तिसरा नियम लावला की एका फेरीचा काळ सुमारे ७२ तास ५१ मिनिटे निघतो, आणि इस्रोने सांगितलेला काळही तोच होता. खुद्द मंगळाची कक्षा वर्तुळाला भिडलेली, त्याच्या पाहुण्याची मात्र लांबट.

२७/
चित्र चुकले तर बिघडले काय, असे विचारणाऱ्यांसाठी ऋतूंचे उदाहरण. चपटी कक्षा पाहून असंख्य मुले ठरवून टाकतात की पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, असते जानेवारीच्या आरंभी, जेव्हा महाराष्ट्रात शेकोट्या पेटतात. सर्वांत दूर असते जुलैच्या आरंभी. ऋतू घडवतो तो अक्षाचा २३.४ अंशांचा कल. एक चुकीचा तक्ता इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय एकदमच नासवतो.

२८/
बचावाचा एक युक्तिवाद ऐकून घ्यायला हवा : समजण्यासाठी थोडी अतिशयोक्ती करावीच लागते. हे मान्य. नाभी म्हणजे काय हे शिकवताना फुगवलेली आकृती उपयोगीच असते. पण नकाशावर प्रमाणपट्टी नसेल तर तो नकाशा फसवा ठरतो. मग कक्षेच्या आकृतीखाली 'प्रमाण पाळलेले नाही' हे तीन शब्द का नसावेत? आणि अतिशयोक्ती करायचीच, तर जे खरोखर दिसते ते ठळक करावे, म्हणजे सूर्याचे मध्यापासून सरकणे. गोल कक्षा आणि बाजूला सरकलेला सूर्य, एवढ्या साध्या चित्राने निम्मे गैरसमज मिटतील.

२९/
मूळ मुद्दा चित्रकलेपुरता नाही. खोटा तक्ता मुलांना शिकवतो की सत्य उघडेच पडलेले असते आणि चूक करणारे केवळ आंधळे असतात. अशा समजुतीत वाढलेला तरुण पुढे इतिहास वाचतानाही तेच करतो : जुन्यांना एका फटक्यात मूर्ख ठरवतो किंवा एका फटक्यात सर्वज्ञ. दोन्ही निकाल फुकटात मिळतात. पूर्वसूरींचे वेध किती कलांपर्यंत पोहोचत होते आणि त्या मर्यादेत त्यांनी किती मिळवले, हे शोधायला मात्र कष्ट पडतात. इतिहासाचा अभ्यास त्या कष्टांपासून सुरू होतो.

३०/
टॉलेमीने मंगळाचे दहा टक्के पकडले, आर्यभटाने सूर्याचे पावणेचार टक्के, टायकोने एक-दोन कला, आणि मग केप्लरने एका लाखातले ४२९ भाग. ही एकच रांग आहे. तिच्यातील कोणालाही गाळले तर शेवटचा माणूस उभा राहत नाही. टाचण्या, दोरा आणि पुठ्ठा घेऊन मंगळाची खरी कक्षा एकदा काढावी आणि ती त्या जुन्या तक्त्याशेजारी लावावी. वर्गात येणारी मुले दोन्हींकडे पाहून प्रश्न विचारू लागतील.
(समाप्त)